डिझेलची बचत कोणाच्या पदरात?

उमरगा शहराला रेल्वे नाही. बरेच दूर गेल्यावाचून रूळ दृष्टीस पडत नाहीत. त्यामुळे सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील या तालुक्याच्या गावी जे जे येते, मग ते खताचे पोते असो, औषधांची पेटी असो की सकाळचे वर्तमानपत्र, ते रबरी चाकांवरूनच येते. आणि ती चाके बहुतांशी डिझेलवर फिरतात. माणसांचेही तसेच आहे. मुरूम, लोहारा, येणेगूर, गुंजोटी या बाजूंना रोज ये-जा करणारे शिक्षक, बँकांतील व सरकारी कचेऱ्यांतील कारकून, महाविद्यालयीन विद्यार्थी यांपैकी अनेकांना एस.टी.ची वेळ जुळत नाही. मग आठ-दहा जण वर्गणी करून व्हॅन ठरवितात. महिन्याचे पैसे एकत्र करावयाचे, मालकाने चालक द्यावयाचा आणि डिझेल भरावयाचे, असा हा साधा करार असतो. डिझेल महागले की वर्गणी वाढविण्याचा विषय निघतो, चार दिवस कुरबुर होते, मधला आकडा ठरतो आणि व्हॅन पुन्हा चालू लागते. ती एका लिटरमध्ये किती किलोमीटर चालते, हा प्रश्न या वाटाघाटीत सहसा कोणी विचारीत नाही.

न विचारण्याची ही सवय जुनी आहे. शेतीचे व मालवाहतुकीचे इंधन म्हणून सरकारने डिझेलची किंमत दीर्घकाळ दाबून धरली होती. पेट्रोलच्या मानाने ते इतके स्वस्त असे की डिझेलची गाडी घेणे हीच एक बचत मानली जाई. जानेवारी 2013 पासून दरमहा सुमारे 50 पैशांची वाढ सुरू झाली, ऑक्टोबर 2014 मध्ये दरावरील नियंत्रण संपले आणि जून 2017 पासून भाव रोजच्या रोज बदलू लागले. 24 जून 2020 रोजी तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षाही महाग झाले. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते, आणि 2023-24 या एका वर्षात भारताने जवळजवळ नऊ कोटी टन डिझेल जाळले. स्वस्ताईचा काळ सरला, परंतु त्या काळातील सवयी उरल्या. पंपावर आजही 'पाचशेचे टाका' असेच सांगितले जाते. जो माणूस इंधन लिटरांत न घेता रुपयांत घेतो, त्याला गाडीचे ॲव्हरेज कळण्याचा मार्गच उरत नाही. भाव वाढला तर दोष भावाचा, आणि नोझल गळत असले तरी दोष भावाचाच!

सीमेवरच्या गावाला आणखी एक मोह असतो. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्राने डिझेलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे 10 रुपयांनी घटविले आणि पाठोपाठ कर्नाटकाने आपला कर 7 रुपयांनी उतरविला. महाराष्ट्राने लिटरमागे 3 रुपयांची कपात केली ती जुलै 2022 मध्ये. मधल्या आठ महिन्यांपैकी निम्म्याहून अधिक काळ एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालू होता आणि खाजगी गाड्यांवरचा भार वाढला होता. सीमेपलीकडे जाऊन टाकी भरून आणावी, असा विचार अशा वेळी कोणाच्याही मनात येणारच. पण हिशेब करून पाहावा. लिटरमागे 7 रुपयांचा लाभ धरला तर 40 लिटरांना 280 रुपये सुटतात. त्यासाठी जाऊन-येऊन 30 किलोमीटर पडले आणि व्हॅन लिटरला 10 किलोमीटर चालली, तर 90 रुपयांच्या भावाने 270 रुपयांचे डिझेल वाटेतच जळते. हातात उरले दहा रुपये, आणि तास गेला तो वेगळाच. ज्याची फेरी मुळात हुमनाबादपर्यंत जाते त्याने तेथे टाकी अवश्य भरावी. केवळ टाकीसाठी जाणे हा व्यवहार नव्हे.

खरी गळती गाडीत आणि ती चालविण्याच्या पद्धतीत आहे. उमरग्याच्या परिसरातील काळ्या मातीची धूळ उन्हाळाभर उडत असते आणि चौपदरीकरणाच्या काळातील वळणरस्त्यांनी तिच्यात भर घातली. ही धूळ एअर फिल्टरमध्ये बसते. जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनाला हवा अपुरी पडली तरी पंप डिझेल सोडतच राहतो. न जळलेले डिझेल काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते आणि मागून येणाऱ्या सायकलस्वाराच्या छातीत जाते. नोझल झिजले की डिझेलचा बारीक फवारा न होता थेंब पडू लागतात. मग इंजिन ठोकते, ओढ कमी होते आणि चालक ती ओढ भरून काढण्यासाठी आणखी रेस करतो. पंप-नोझलचे काम करून घेण्यास पैसे लागतात, म्हणून मालक ते पुढे ढकलतो. पुढे ढकललेल्या त्या खर्चाचे व्याज मात्र तो रोज पंपावर भरीत असतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही. अर्थात 1 एप्रिल 2020 नंतरच्या भारत स्टेज सहा मानकाच्या व्हॅनमध्ये ही कामे नेहमीच्या मेस्त्रीच्या पान्याने होण्यासारखी राहिलेली नाहीत. तेथे यंत्र लावूनच दोष शोधावा लागतो. तथापि फिल्टर, टायर आणि ब्रेक यांना नवे-जुने असा भेद नाही.

टायरमधील हवा तर फुकटात तपासता येते. चारही टायरमध्ये दर पौंडामागे सुमारे 0.2 टक्के इंधन अधिक लागते. दहा पौंड हवा कमी असेल तर दोन टक्के. आकडा लहान वाटतो, पण तो वर्षभर, प्रत्येक किलोमीटरला द्यावा लागतो. ब्रेक पकडून राहण्याचा दोष त्याहून खर्चिक आणि ओळखण्यास सोपा. सपाटीवरून, फारसा ब्रेक न मारता व्हॅन उभी केल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा तापलेले लागले, तर इंजिन पुढे ओढते आहे आणि ब्रेक मागे खेचतो आहे असे समजावे. टपावरचा रिकामा कॅरिअर हाही असाच बिनपगारी प्रवासी. सामान नसतानाही तो वारा अडवीत राहतो.

एका समजुतीचा येथे स्वतंत्र विचार केला पाहिजे, कारण तिच्यात पैशाबरोबर जीवही गुंतलेला आहे. उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडली म्हणजे डिझेल वाचते, असे अनेक चालक शपथेवर सांगतील. तुळजापूरच्या घाटात प्रवाशांनी भरलेल्या गाड्या अशा रीतीने उतरविल्या जातात. वस्तुस्थिती उलट आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तर चाकेच इंजिन फिरवितात आणि आधुनिक इंजिनात डिझेलचा पुरवठा त्या वेळी पूर्णपणे बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जाळावेच लागते. म्हणजे बचत तर होत नाहीच, शिवाय इंजिनाचा अटकाव नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात. इंजिनच बंद करणारे महाभाग तर ब्रेकला मिळणारी मदतही गमावतात.

वेगाचा प्रश्न वाचकांच्या अधिक जवळचा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 60 ऐवजी 80 किलोमीटरने गेले की तो विरोध पावणेदोन पटींहून अधिक होतो, आणि व्हॅनसारख्या उंच, चौकोनी गाडीला तो विशेष जाणवतो. 1978 मध्ये स्थापन झालेली पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ताशी 45 ते 55 किलोमीटरचा वेग सुचवीत आली आहे. अमेरिकेसारख्या घाईच्या देशानेसुद्धा 1973 च्या तेलसंकटानंतर महामार्गांवर ताशी 55 मैलांची मर्यादा घातली होती, आणि ती 1995 पर्यंत या ना त्या स्वरूपात टिकली. आता वीस किलोमीटरच्या शाळेचे उदाहरण घ्यावे. 60 च्या वेगाने वीस मिनिटे लागतात, 80 ने पंधरा. वाचली ती पाच मिनिटे. एवढी पाच मिनिटे तर उमरग्याच्या चौकात एखाद्या गुरुजींची वाट पाहण्यात केव्हाच खर्ची पडलेली असतात, तीही इंजिन चालू ठेवून! लहान डिझेल इंजिन उभ्या जागी तासाला साधारण अर्धा लिटर पिते. सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा मिनिटे असे उभे राहिले, तर महिन्याला चार लिटर डिझेल जागच्या जागी संपते. वर्गणी वाढल्याची तक्रार करणाऱ्यांनी आपण घरातून किती वाजता निघतो, हेही एकदा पाहावयास हरकत नाही.

डिझेलच्या नळीला बांधावयाची चुंबके, टाकीत टाकावयाच्या गोळ्या आणि 'ॲव्हरेज दीडपट' करणारी द्रव्ये यांवर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरावर साधने तपासली. उपयोगी ठरली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांचाही लाभ बेताचाच.

हे सारे चालकांना ठाऊक नाही असे मानणे हा शिकलेल्यांचा अहंकार होईल. गाडीचा आवाज ऐकून नोझल सांगणारे चालक या रस्त्यावर आहेत. अडचण ज्ञानाची कमी आणि वाटणीची अधिक आहे. ॲक्सिलरेटरवर पाय चालकाचा, डिझेलचे पैसे मालकाचे, आणि उशीर झाला तर बोलणी पुन्हा चालकालाच. सावकाश, विचारपूर्वक गाडी हाकून त्याने लिटरामागे दोन किलोमीटर वाढविले, तर त्याच्या पदरात काय पडते? काहीच नाही. अर्थशास्त्रात हा प्रश्न कुळकायद्याइतका जुना आहे. जमीन कसणाऱ्याला पिकाचा योग्य वाटा मिळत नसेल, तर बांधबंदिस्ती कोण करील?

एस.टी.ने या कोड्याचा निम्मा भाग फार पूर्वी सोडविला. आगारांतून दहा लिटरमागे किती किलोमीटर, याचा हिशेब ठेवला जातो. 'केपीटीएल' हे अक्षरचतुष्टय प्रत्येक चालकाला परिचित आहे. एस.टी.च्या कारभारावर टीका करावयास जागा पुष्कळ आहे, पण मोजल्यावाचून बचत नाही हे तिने ओळखले. खाजगी व्हॅनमालकाला यासाठी आगार नको, एक वही पुरे. टाकी काठोकाठ भरावी, मीटरचा आकडा लिहावा. पुढच्या खेपेस त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरून लिटर आणि किलोमीटर लिहावेत. तीन-चार वेळा असे केले की खरा आकडा हाती येतो.

तो आकडा वाचण्यातही एक चकवा आहे. लिटरला 15 किलोमीटर देणारी व्हॅन 20 वर आली तर कौतुक होते. 8 देणारी 10 वर आली तर कोणी मान वर करून पाहत नाही. परंतु हजार किलोमीटरमागे पहिलीत सुमारे 17 लिटर वाचतात आणि दुसरीत 25. तेव्हा गॅरेजमध्ये आधी न्यावयाची ती सर्वांत खादाड, जुनी गाडी. मालक नेमका तिच्यावरच खर्च करावयास नाखूष असतो.

आता वाटणीचे. महिन्याला 2000 किलोमीटर धावणारी व्हॅन 10 वरून 12 वर आली, तर 200 ऐवजी 167 लिटर लागतील. 90 रुपये भाव धरला तर ही बचत सुमारे 3000 रुपयांची होते. यातील निम्मे चालकाला, उरलेल्यातून सर्व्हिसिंग आणि मालकाचा लाभ, असा करार झाला तर चालकाचा पाय आपोआप हलका होईल. आक्षेप निघतील. वाट्यासाठी चालक गाडी रेंगाळवील, किंवा ॲव्हरेज फुगविण्यासाठी खोटे आकडे लिहील, अशी शंका मालक घेईल. आणि ॲव्हरेज एकदा वाढले की तोच आकडा पाया धरून मालक वाटा बंद करील, ही चालकाची शंका तितकीच रास्त आहे. म्हणून पायाचा आकडा निदान वर्षभर बदलू नये आणि वही वर्गणीदारांपैकी एखाद्याने सांभाळावी. दहा प्रवाशांत एक गणिताचे शिक्षक सहज सापडतील.

विल्यम जेव्हन्सने 1865 मध्ये कोळशाबाबत इशारा दिला होता की इंधनाचा वापर काटकसरीचा झाला म्हणजे त्याचा एकूण खप घटण्याऐवजी वाढतो. उमरग्यातही वाचलेल्या डिझेलवर एखादा मालक संध्याकाळची जादा फेरी सुरू करील. तसे घडले तर देशाच्या आयातीचा आकडा फारसा हलणार नाही. परंतु शेवटची एस.टी. चुकेल म्हणून जी मुलगी तास अर्धवट सोडून निघते, तिला तास पुरा करता येईल. हा खर्च वाया गेला असे कोणी म्हणू नये.

वहीतील पहिली नोंद करण्यापूर्वी एक काम मात्र उरकावे लागेल. अनेक जुन्या व्हॅनमध्ये मीटरची केबल तुटून वर्षे लोटलेली असतात आणि किलोमीटरचा आकडा ती तुटली त्या दिवशी जेथे थांबला तेथेच उभा असतो. मालकाला ते ठाऊक असते, चालकालाही ठाऊक असते. केबल काही शे रुपयांत बसते.