गावच्या तिजोरीची किल्ली कोणापाशी?

प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी मंजूर केली. ६३,००० संस्था, २,५१६ कोटी रुपये खर्च, आणि सर्वांचे हिशेब एकाच प्रणालीवर, असा तो संकल्प होता. गावची सोसायटी जिल्हा मध्यवर्ती बँकेशी, ती राज्य बँकेशी आणि राज्य बँक नाबार्डशी, अशी ही साखळी आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत, घाटावर काय किंवा घाटाखाली काय, पेरणीच्या तोंडावर शेतकरी ज्या सोसायटीची पायरी चढतो तिचे दप्तर संगणकावर जावे, याविषयी आमचे दुमत नाही. लाल फडक्यात बांधलेल्या खतावणीत कशी खाडाखोड होई, कोणाच्या नावावर कोण कर्ज उचली, या कथा वऱ्हाडात कोणी ऐकल्या नाहीत? आमचा प्रश्न निराळा आहे. जाळे विणले जात आहे. त्याची राखण कोण करणार?

दूरच्या बाजाराशी तारेने जोडले जाणे या जिल्ह्यास नवे नव्हे. १८७० साली लॉर्ड मेयो याच्या हस्ते खामगावचा लोहमार्ग सुरू झाला, आगगाडीबरोबर तारही आली, आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याची कापसाची मागणी थेट वऱ्हाडात येऊन पोहोचू लागली. त्या तारेवरून भाव आले तशा मंदीच्या वार्ताही आल्या. परंतु तारमास्तर निदान डोळ्यांना दिसत असे! आजच्या जाळ्यात निरोप आणणारा दिसत नाही, आणि तो खरा की तोतया हे ओळखणे हाच सगळ्या विद्येचा गाभा होऊन बसला आहे.

दोन यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे जे ठरलेले नियम, त्यांस 'प्रोटोकॉल' म्हणतात. इंटरनेटचा आजचा मूळ प्रोटोकॉल १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेच्या अर्पानेटवर रूढ झाला. त्या वेळी जोडलेली माणसे थोडी आणि बहुतेक एकमेकांच्या परिचयाची. साहजिकच निरोप बिनचूक पोहोचावा ही काळजी त्यांनी घेतली, तो पाठविणारा कोण हे तपासण्याची फारशी घेतली नाही. कुलुपे मागाहून बसविली गेली. मागाहून बसविलेले कुलूप घरमालकाने आठवणीने लावावे लागते, ही गोष्ट आमच्या कारभाऱ्यांच्या गावीही नाही.

न लावल्यास काय होते हे पुण्याने पाहिले आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी हल्ला झाला आणि ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. चोरांनी तिजोरीस हातही लावला नाही. एटीएम यंत्र पैसे देण्यापूर्वी बँकेच्या ज्या प्रणालीस विचारते, तिच्या जागी त्यांनी तोतया प्रणाली उभी केली. तीच 'द्या, द्या' म्हणत राहिली आणि २८ देशांतून रोकड काढली गेली. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने अकरा जणांस दोषी ठरविले. ठेवीदारांच्या रकमा सुरक्षित असल्याचे बँकेने सांगितले व एवढा तडाखा तिने सोसलाही. शेदोनशे सभासदांच्या सोसायटीने तो कशाच्या बळावर सोसावा?

दुसरा दाखला अधिक जवळचा आहे. जुलै २०२४ मध्ये सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या प्रणालीत खंडणीखोर शिरले. तिच्यावर विसंबलेल्या सुमारे ३०० लहान बँकांना देयकांच्या राष्ट्रीय जाळ्यातून तात्पुरते तोडावे लागले. दोष त्या बँकांचा नव्हता. सर्वांची किल्ली एका ठिकाणी होती, एवढेच. सर्व सोसायट्या एकाच प्रणालीवर आणण्यात सोय आहे, आणि धोकाही नेमका तिथेच आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात हे जाळे चार दिवस बंद पडले, तर मृग कोणाची वाट पाहत थांबणार आहे?

आणि कायदा? बँकिंग नियमन कायदा प्राथमिक कृषी पतसंस्थांना लागू नाही. त्यामुळे नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेने घालून दिलेले सायबर सुरक्षेचे दंडक या संस्थांना बांधत नाहीत, आणि त्यांच्याकडील ठेवींना विम्याचे संरक्षणही नाही. सर्वांत दुबळ्या कडीवर सर्वांत थोडा पहारा, अशी ही तऱ्हा! त्यात कित्येक ठिकाणी एकच गटसचिव अनेक संस्थांचे काम पाहतो. सर्व संस्थांचा पासवर्ड एकच आणि तो वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला असल्यास त्या बिचाऱ्यास दोष देऊन काय उपयोग? त्याला कोणी शिकविले आहे काय? पाटी हाती देऊन अक्षर न गिरविता परीक्षा घेणारा मास्तर आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

मूळ योजनेची सरासरी काढली, तर संस्थेमागे सुमारे चार लाख रुपये पडतात. त्यांतील किती यंत्रांवर आणि किती माणसे तयार करण्यावर खर्च झाले, हे सहकार खात्याने जिल्हावार जाहीर करावे. कर्जाची कोणतीही नोंद एकाच्या कळीने न होता दोघांच्या संमतीने व्हावी. हिशेबाची एक प्रत रोज जाळ्याबाहेर ठेवली जावी आणि ती उघडते की नाही, हे दरमहा पाहिले जावे. जिल्हा मध्यवर्ती बँकेत या कामी पूर्णवेळ जाणकार नेमावा. शेगावचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून जिल्ह्यात उभे आहे, तेव्हा माणसे मिळत नाहीत ही सबब चालणार नाही. आणि परक्याच्या हातून सभासदाचे पैसे गेले तर ते कोणी भरून द्यायचे, हे पुढच्या खरिपापूर्वी शासनाने लेखी सांगावे.