लेकराची खावटी बुडवणाऱ्यांनो

अमरावतीच्या राजापेठेत राहून वकील म्हणून खावटीची प्रकरणं चालवताना मला एक वाक्य सतत ऐकावं लागतं : "पोरगं तिच्यापाशी हाये, मंग पैसे मी काहून देऊ?" हे म्हणणारे अडाणी नसतात. त्यांत मास्तर असतात, बँकेतले कर्मचारी असतात, वरुड-मोर्शीकडचे संत्र्याचे बागायतदार असतात. बायकोशी पटेनासं झालं की आपलं बापपणही संपलं, असं धरून ते चालतात. त्यांना तोंडावर सांगते : लेकराशी फारकत घेण्याची सोय या देशातल्या कोणत्याही कायद्यात नाही.

आपल्याकडे चार पंच बसवून स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून घेतात. यापुढे बाई स्वतःसाठी किंवा मुलांसाठी काहीही मागणार नाही, अशी ओळ त्यात हमखास घातलेली असते. मुलाचा हक्क आईला सही करून सोडून देता येत नाही, त्यामुळे त्या ओळीने बापाची जबाबदारी सुटत नाही. तरी असा कागद लिहिला जातो, मामा-काका साक्षीला सह्या करतात आणि मुलगी मोकळी झाली म्हणून घरी जातात. लेकरांची फी कोण भरणार, हे त्या बैठकीत कुणी विचारत नाही.

प्रकरण कोर्टात आलं की बापाची मिळकत आटते. दुकान भावाचं निघतं, सातबारा वडिलांच्या नावावर असतो, ट्रॅक्टर मेहुण्याचा होतो. हा खोटेपणा रोखायला सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी, नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात, दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं. खावटी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, हेही न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांनी स्पष्ट केलं. पण त्याच प्रकरणाचा प्रवास बघा. अर्ज सप्टेंबर 2013 चा, अंतरिम खावटीचा आदेश ऑगस्ट 2015 चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2020 चा. अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असं कायदा 2001 पासून सांगतो आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 आलं, त्यातही तेच 60 दिवस आहेत. लेकराला मात्र दूध रोज लागतं.

आदेश झाला तरी वसुलीचा सगळा भार आईवरच. पैसे थकले की अर्ज तिनेच करायचा, तोही वर्षाच्या आत. नाहीतर त्या मार्गाने ती रक्कम वसूल होत नाही. सोयाबीन सोंगायची रोजी बुडवून ती तारखेला येते आणि वॉरंट "पत्त्यावर मिळून आला नाही" असा शेरा घेऊन परत आलेलं असतं. तोच माणूस आदल्या दिवशी चौकात चहा पिताना तिने पाहिलेला असतो. थकलेल्या दर महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते आणि कैद भोगूनही देणं फिटत नाही. खावटीच्या हुकूमनाम्यात पगाराचा एक-तृतीयांश भाग तेवढा जप्तीपासून सुरक्षित असतो. कायद्याला दात आहेत, पण ते वापरायची जबाबदारी गांजलेल्या बाईवर टाकून सरकार बाजूला झालं आहे.

"ती पोराला भेटू देत नाही," ही दुसरी सबब. भेटीचा हक्क खरा आहे, मुलालाही बाप हवा असतो. त्यासाठी वेगळा अर्ज करा, मी स्वतः तो चालवीन. पण भेट मिळेपर्यंत लेकराचा घास अडवणं ही सरळ क्रूरता आहे. "पैसे ती स्वतःवर उडवते," असं म्हणणाऱ्यांनी शाळेची फी थेट शाळेत भरावी आणि तशी नोंद आदेशात करून घ्यावी. हे सुचवलं की बहुतेकांची तक्रार तिथेच थांबते.

जर्मनीत 1980 पासून, बापाने पैसे दिले नाहीत तर सरकार ठरावीक रक्कम मुलाला आधी देतं आणि मग बापाकडून वसूल करतं. 2017 पासून ही सोय 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना आहे. माझी मागणी तीच आहे : पगारदाराची खावटी पहिल्या महिन्यापासून पगारातून कापा, इतरांच्या मुलांना शासनाने आगाऊ रक्कम द्यावी आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करावी.

तोवर फारकतीच्या बैठकीला बसणाऱ्या प्रत्येक मामा-काकाला माझं सांगणं आहे : लेकरांचा महिन्याचा खर्च कागदावर आल्याशिवाय साक्षीची सही करू नका. जो बाप कमावतो आणि तरी लेकराची खावटी बुडवतो, तो स्वतःच्याच लेकराचा चोर आहे; त्याला समाजात मान देणं बंद करा.