आखाडा नसलेला खेळ

मोटार शर्यत हा श्रीमंतांचा खेळ आहे, हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज बोलले जाते की ते खरे आहे का, हे तपासण्याची कुणाला गरज वाटत नाही. माझे म्हणणे असे की हे वाक्य मुळात खोटे आहे आणि आपण ते मेहनतीने खरे करून ठेवले आहे. हा खेळ जन्मतः श्रीमंतांचा नव्हता. आपण त्याची इमारत वरच्या मजल्यापासून बांधायला घेतली, म्हणून तो ज्यांच्याकडे लिफ्ट आहे त्यांच्यापाशीच राहिला.

मी भूगावात राहतो. चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलात की पहिले मोठे गाव आमचे. इथल्या कुठल्याही आळीत जा आणि पोरे काय करतात ते विचारा. कुणी डंपरवर आहे, कुणी पाण्याच्या टँकरवर, कुणी सिमेंटच्या मिक्सरवर. कुणी हिंजवडीच्या कंपन्यांसाठी कॅब चालवतो, कुणी शाळेची व्हॅन. जमिनी विकल्या गेल्या, त्यांवर स्कीमा उभ्या राहिल्या आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पोरांच्या हातात स्टिअरिंग आले. 'मुळशी पॅटर्न' या २०१८च्या चित्रपटाने या कहाणीचे एक वळण दाखवले, बंदुकीचे. त्याहून कितीतरी जास्त पोरे दुसऱ्या वळणाने गेली. ती आज ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली आहेत आणि त्यांच्यावर कुणी चित्रपट काढत नाही.

'ड्रायव्हर' हा शब्दच बघा. सोयरिकीच्या बैठकीत "मुलगा ड्रायव्हर आहे" असे म्हटले की समोरच्यांचे चेहरे पडतात. तोच शब्द वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर फॉर्म्युला वनच्या बातमीत आला की त्याला वलय येते. हात तेच, पाय तेच, क्लच आणि ब्रेकचे गणितही तेच. मग फरक कशाचा? एकाच्या मागे लहानपणापासून पैसा उभा होता, दुसऱ्याच्या मागे मालक उभा आहे आणि तो खेपा मोजतो आहे.

यावर कुणी म्हणेल, की डंपर चालवणे आणि शर्यतीची गाडी चालवणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आहेच. पण अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींचा इतिहास पाहिला, तर हा फरक कसा भरून निघतो तेही दिसते. 'स्टॉक' म्हणजे शोरूममध्ये मिळते तशी, साधी गाडी. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत चोरटी दारू वाहून नेणारे तरुण पोलिसांना चुकवण्यासाठी आपल्या गाड्यांची इंजिने घरीच सुधारत. रात्री दारू पोहोचवायची आणि सुटीच्या दिवशी शेताडीतल्या मातीच्या रिंगणात कुणाची गाडी पुढे जाते ते बघायचे. या विस्कळीत शर्यतींना एका नियमावलीखाली आणण्यासाठी १९४८मध्ये बिल फ्रान्सने डेटोना बीचला 'नासकार' ही संस्था स्थापन केली. ज्युनियर जॉन्सन हा तिथला दंतकथा झालेला चालक. बापाच्या दारूभट्टीवर पकडला गेला, तुरुंगात जाऊन आला आणि नासकारच्या वरच्या श्रेणीत त्याने पन्नास शर्यती जिंकल्या. डेल अर्नहार्ट सूतगिरणीच्या गावातला. नववीतच शाळा सोडलेला हा माणूस सात वेळा विजेता झाला.

वेंडेल स्कॉटची गोष्ट तर आपल्याकडच्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असावी. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा हा कृष्णवर्णीय माणूस टॅक्सी चालवायचा, सैन्यात मेकॅनिक होता, त्यानेही दारू वाहिली. स्वतःची गाडी स्वतःच दुरुस्त करत तो गोऱ्यांच्या शर्यतीत उतरला. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिलला तो जिंकला, तर आधी दुसऱ्याच चालकाला विजेता म्हणून जाहीर करून ट्रॉफी देऊन टाकली. स्कॉट १९९०मध्ये वारला. त्याच्या घरच्यांना नासकारकडून ट्रॉफी मिळायला २०२१ उजाडले. म्हणजे तिथे न्याय होता असे मी म्हणत नाही. पण पायऱ्या होत्या. ज्याला समाजाने दारात उभे केले नसते, त्यालाही पाय ठेवायला पहिली पायरी सापडत होती, कारण ती जवळच्या गावात होती आणि मातीची होती.

आजही त्या खेळाचा पाया तोच आहे. आठवड्याच्या शेवटी लहान गावांतले पाव मैल, अर्धा मैल लांबीचे ट्रॅक गजबजतात. गॅरेजवाला, शेतकरी, शाळेतला पोरगा जुन्या गाड्या घेऊन उतरतात. त्यातून काहीजण प्रादेशिक मालिकांत जातात, तिथून 'आर्का'त, मग ट्रक मालिकेत, मग दुसऱ्या श्रेणीत आणि अगदी मोजके 'कप' मालिकेत. खालच्या काही शर्यतींत एक नामी नियम असतो. शर्यत संपल्यावर जिंकलेल्या गाडीचे इंजिन ठरलेल्या किमतीला विकत मागण्याचा हक्क इतर स्पर्धकांना असतो. त्यामुळे इंजिनावर पैसा ओतून जिंकण्यात कुणाला रस राहत नाही. श्रीमंतीला वेसण कशी घालायची, हे त्या भांडवलशाही देशाला कळले. आपण मात्र समाजवादाची भाषणे देत राहिलो.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रातून कोण पुढे गेले? मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूपर्यंत गेला आणि २०२०मध्ये साखिरला ती शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक ब्रिटनमध्ये फॉर्म्युला थ्री खेळले. पुण्याचे संजय टकले यांनी २०२५मध्ये वाळवंटातली डकार क्लासिक पूर्ण केली. यांच्या कर्तबगारीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगात बापाचा पैसा ब्रेक दाबायला येत नाही. पण एकाचे घर बड्या उद्योजकाचे, एकाचे खासदाराचे, एक स्वतः उद्योजक. या यादीत डंपर ड्रायव्हरचा मुलगा का नाही, हा प्रश्न त्यांना विचारायचा नाही. तो आपल्याला विचारायचा आहे.

आमच्या नात्यातला एक चोवीस वर्षांचा मुलगा खाणीतून खडी वाहतो. भरलेला डंपर अरुंद उतारावर केवळ आरशात बघत मागे नेताना मी त्याला पाहिले आहे. गाडीचे वजन कुठे झुकते आहे हे त्याला कुल्ल्यांतून कळते, असे तो म्हणतो. शर्यतीतले चालक मुलाखतींत नेमके हेच सांगतात. त्याला शर्यतीचे वेड आहे म्हणून आम्ही एका प्रशिक्षण संस्थेत चौकशी केली. तीन-चार दिवसांच्या कोर्सची फी ऐकून तो हसला. "काका, एवढ्यात तर सेकंडहँड टेम्पो येतो." त्यानंतर फेडरेशनचे लायसन्स, हेल्मेट, आगीपासून वाचवणारा सूट, टायर, गाडीचे भाडे आणि चेन्नई किंवा कोइमतूरच्या वाऱ्या. शिवाय वय. वर जाणारी मुले आठव्या-दहाव्या वर्षी कार्टिंगला बसलेली असतात. हा अठराव्या वर्षी पहिल्यांदा कायदेशीरपणे स्टिअरिंगला बसला.

यातला खरा विनोद चाकणला आहे. पुण्याच्या एका बाजूला पिंपरी, आकुर्डी, चाकण असा देशातला मोठा वाहन उद्योग पसरला आहे. वेताळ टेकडीवर गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय आहे. फोक्सवॅगनने २०१०मध्ये पोलो कप सुरू केला, तो चाकणच्या कारखान्यातल्या गाड्यांवर. म्हणजे अगदी शब्दशः स्टॉक कार. पण त्या गाड्या पळाल्या कुठे? चेन्नईजवळ, कोइमतूरला आणि पुढे ग्रेटर नोएडाला. गाड्या बनवणाऱ्या या जिल्ह्यात त्या पळाल्या नाहीत. आमच्या मुळशी तालुक्यातच आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या वेगाच्या स्पर्धा भरल्या. तिथे लोक आपापल्या महागड्या गाड्या घेऊन आले आणि पौड रस्त्यावरच्या पोरांनी त्या मोबाइलवर पाहिल्या.

ड्रायव्हरला शर्यतीत आणण्याचा प्रयोग या देशात झालेला आहे, हे मात्र आपण विसरतो. टाटा मोटर्सने २०१४मध्ये ट्रकच्या शर्यती सुरू केल्या तेव्हा चालक परदेशी होते. मग खऱ्या ट्रक ड्रायव्हरांतून निवड करून, त्यांना शिकवून, २०१६मध्ये त्यांना बुद्ध सर्किटवर उतरवले. हायवेवर आयुष्य काढलेली माणसे हेल्मेट घालून शर्यतीत उतरली. ती चालवू शकतात हे सिद्ध झाले. पण काही वर्षांत तो सोहळा थांबला. कंपनीच्या जाहिरातीच्या बजेटवर उभी असलेली शिडी बजेट संपताच निघून जाते. २०११मध्ये फोर्स इंडियाने अब्जातून एक हिरा शोधण्याची मोहीम काढली होती, तिचेही तेच. तिच्यातून जेहान आणि अर्जुन मैनी मिळाले, ते चांगलेच झाले. पण थांबून गेलेली मोहीम म्हणजे अब्जातून शोधणे नव्हे.

आणि बुद्ध सर्किट? पाच किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा तो दिमाखदार ट्रॅक फॉर्म्युला वनसाठी बांधला, २०११ ते २०१३ अशा तीन शर्यती झाल्या आणि हा खेळ की करमणूक या कराच्या वादातही तो अडकला. देवळाचा कळस आधी आणला आणि मग पाया खणायचा राहून गेला.

पायापासून खेळ कसा बांधायचा, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायची गरज नाही. कुस्ती बघा. गावची तालीम, जत्रेतला आखाडा, नारळावर सुरू होऊन हजारांच्या इनामापर्यंत जाणाऱ्या जोडी, मग तालुका, जिल्हा आणि शेवटी महाराष्ट्र केसरी. २०१७ची ती गदा आमच्या भूगावातच रंगलेल्या आखाड्यात अभिजित कटके यांनी किरण भगत यांना हरवून उचलली. तेव्हा पैलवानाच्या बापाची मिळकत कुणी विचारली नाही. बैलगाडा बघा. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली तेव्हा सगळ्या पक्षांचे पुढारी एका गाड्यात बसले. कायदा झाला, डिसेंबर २०२१मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३मध्ये घटनापीठाचे शिक्कामोर्तब झाले. आज घाटात बारी सुटते आणि बक्षिसाला मोटारसायकलपासून ट्रॅक्टरपर्यंत काय काय असते. बैलगाड्याला माझा विरोध नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की बैल पळवण्यासाठी दिल्लीपर्यंत लढणाऱ्या पुढाऱ्यांना गाडी पळवू पाहणाऱ्या पोराचे नाव एकदाही का आठवू नये?

कारण ती पोरे पळवतातच. ऑगस्ट २०२३मध्ये चांदणी चौकातले नवे पूल खुले झाले. कोंडी फुटली हे चांगलेच झाले, पण रात्री अकरानंतर तिथे वेगाचे काय होते ते आम्ही ऐकतो, सायलेन्सर काढलेल्या आवाजावरून. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९खाली तुरुंग आहे, दंड आहे. २०१९मध्ये तो पाचशेवरून पाच हजार केला. ठीकच आहे. पण कायदा 'इथे नको' म्हणतो तेव्हा 'मग कुठे' याचे उत्तर समाजाने द्यायचे असते. १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेखाली दोन तरुण अभियंते मेले आणि बाल न्याय मंडळाने त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले, हे आपण पाहिले. गाडी एवढी, आणि ती चालवण्याची शिस्त शून्य. शर्यत म्हणजे बेफाम वेग असे समजणाऱ्यांनी एकदा खरी शर्यत पाहावी. पिवळा झेंडा दिसला की पुढच्याला ओलांडायचे नाही, काळा दिसला की निमूट बाहेर यायचे. देशात २०२२मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतल्या सर्वाधिक मृत्यूंमागे अतिवेग आहे. वेगाला जागा दिली नाही म्हणून वेग संपलेला नाही. तो फक्त आपल्या दारासमोर आला आहे.

आक्षेप मला माहीत आहेत. पोटाची खळगी भरायची की शर्यती खेळायच्या? हा प्रश्न कुस्तीलाही विचारता येतो, कबड्डीलाही. आणि उत्तर पोटाशीच जोडलेले आहे. वरपर्यंत जाणारे चालक कुठेही मोजकेच असतात. अमेरिकेतही बहुतेकांचे पोट शर्यतीवर चालत नाही. पण ट्रॅकभोवती वेल्डर लागतात, इंजिन जुळवणारे लागतात, टायर बदलणारे लागतात. नासकारचे संघ टायर बदलायला कॉलेजात फुटबॉल, कुस्ती खेळलेल्या धडधाकट पोरांना पगारावर घेतात. मुळशीत अशा पोरांची कमी आहे का? दुसरा आक्षेप प्रदूषणाचा. रविवारी तीस जुन्या गाड्यांच्या वीस-वीस फेऱ्यांनी जेवढा धूर होईल, त्याहून अधिक धूर आमच्या रस्त्यावर एका शनिवारी लवासा-ताम्हिणीला निघालेल्या पर्यटकांच्या रांगेतून निघतो. तिसरा आक्षेप जीवाच्या धोक्याचा. तो खरा आहे, आणि म्हणूनच ट्रॅक हवा, जिथे गाडीला लोखंडी पिंजरा असतो, पट्टे असतात, समोरून येणारी एसटी नसते आणि रुग्णवाहिका आधीच उभी असते.

मला भूगावात फॉर्म्युला वन नको आहे. मागणी साधी आहे. तालुक्याच्या गायरानात किंवा बंद पडलेल्या खाणीच्या सपाटीवर मुरमाचे एक गोल मैदान. कडेने जुन्या टायरांच्या भिंती. जुन्या मारुती आणि अल्टो, गाडीच्या किमतीवर सक्त मर्यादा, आणि जिंकलेल्याचे इंजिन विकत मागण्याचा तो अमेरिकन नियम. फेडरेशनचे लायसन्स तिथेच, परवडेल अशा फीमध्ये मिळावे. चाकणच्या कंपन्यांनी सामाजिक जबाबदारीच्या पैशातून चालक निवडून नेऊ नयेत, तर हे मैदान दरवर्षी चालवावे, नावाची पाटी न लावता. आणि जत्रेची कार्यक्रमपत्रिका छापताना बैलगाडा, कुस्ती यांच्याखाली आणखी एक ओळ वाढवावी.

त्यातून जगज्जेता निघेलच असे नाही. पण सोयरिकीच्या बैठकीत "मुलगा ड्रायव्हर आहे" म्हटल्यावर एखाद्याने मान वर करून "कितवा आला होता?" असे विचारले, तर त्या मैदानाचा खर्च वसूल झाला असे मी समजेन.