रविवारचा रुमाल

नोकरी आणि छंद एका खोलीत राहावयास आले, की भांडण ठरलेलेच. नोकरी आधी आलेली, भाडेही तीच भरणार. तेव्हा खिडकीकडची जागा तिची. छंदाने बापड्याने दाराजवळ वळकटी टाकावी आणि नोकरीला डुलकी लागली की हळूच आपला दिवा लावावा. पुष्कळांच्या आयुष्यात हा संसार असाच चालतो, आणि निवृत्तीच्या दिवशी नोकरी खोली सोडते तेव्हा छंद केव्हाच निघून गेला आहे असे आढळते.

माझी नोकरी एका विद्यापीठातील संगणक विभागाच्या प्रमुखाची. मी दिवसभर काचेच्या थंडगार खोलीत बसून यंत्रांना काही गूढ विद्या शिकवीत असेन, असा लोकांचा समज असतो. वाचकहो, वस्तुस्थिती अशी की, माझा बराचसा दिवस फायलींत जातो. निविदा, तीन दरपत्रके, खरेदी समिती, लेखापरीक्षकांच्या शंका. वसतिगृहात वायफाय पोचत नाही म्हणून आलेले शिष्टमंडळ. पासवर्ड विसरलेले प्राध्यापक. आणि केबल कुरतडणारे उंदीर, ज्यांच्यावर कोणत्याही परिपत्रकाचा परिणाम होत नाही. निकालाच्या दिवशी तर हजारो मुले एकाच क्षणी एकाच दारावर थापा मारतात. ते दार मोडले तर रात्री दोन वाजता फोन माझा वाजतो.

माझा छंद मोडी वाचण्याचा. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडीचे कित्ते शाळेत गिरवीत असत. आज आजोबांच्या ट्रंकेतले खरेदीखत नातवाला वाचता येत नाही. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढतो आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता त्या रेघेला अक्षरे लटकवीत जातो. एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे त्याने सांगावयाचे नाही, आपण ओळखावयाचे. ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. सनाची तर न्यारीच मौज. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: शुहूर सन ११६१. हे वर्ष मृगाला बदलते. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे की इसवी सन हाती येतो. १४ जानेवारी १७६१ ची पानपतची लढाई ह्याच सालातली. हे गणित पहिल्यांदा जुळले तेव्हा मला जो आनंद झाला, तो सर्व्हर सुरळीत चालल्याने कधी झालेला नाही.

दर रविवारी सकाळी आठ ते अकरा मी आमच्या गुरुजींकडे जातो. दफ्तराच्या धुळीत हयात घालविलेले ऐंशीपलीकडचे गृहस्थ. जमिनीवर सतरंजी, मधोमध रुमालात बांधलेले कागद, भोवती आम्ही चार-पाच विद्यार्थी. त्यांत सर्वांत लहान बावीस वर्षांची, सर्वांत मोठा मी.

आता हे तीन तास मिळाले कसे, ते सांगतो. माझ्या हाताखालचा तरुण अधिकारी गुरुवारी संध्याकाळी तबला शिकतो. आम्ही करार केला: गुरुवार संध्याकाळचा फोन माझा, रविवार सकाळचा त्याचा. पण नुसता फोन देऊन भागेना, कारण कितीतरी गोष्टी माझ्याच डोक्यात होत्या. म्हणून तीन महिने रोज थोडे थोडे करून कोणते यंत्र कसे बंद करावे, कोणत्या क्रमाने चालू करावे, वीज गेल्यास कोणाला कळवावे, हे सारे साध्या मराठीत लिहून काढले. विभागाला त्याचा फायदा माझ्यापेक्षा अधिक झाला. ‘माझ्यावाचून चालत नाही’ हे कित्येकांना भूषण वाटते. संस्थेच्या दृष्टीने तो धोकाच म्हणावयाचा.

कोणी म्हणेल, थोरामोठ्यांना असले करारमदार लागत नाहीत. खरे आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिती होते. पुण्याहून मुंबईला दख्खनच्या राणीने जात, प्राचीन नाणी तोलून झीज आणि काळ यांचे नाते मांडीत आणि सवड काढून पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर दगडी हत्यारे शोधीत हिंडत. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप ह्या नावाने पाठविली आणि पहिले बक्षीस मिळविले. आपण काही कोसंबी किंवा नारळीकर नव्हे. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: नाण्यांच्या वजनात गणित होते, कथेत खगोलशास्त्र होते. दोन्ही खोल्यांच्या मधले दार त्यांनी उघडे ठेवले होते.

माझ्याही घरी ते दार थोडे किलकिले झाले आहे. युनिकोडच्या २०१४ सालच्या आवृत्तीत मोडीला जागा मिळाली, तेव्हा माझ्या दोन्ही विद्यांची प्रथमच गाठ पडली. शासनाच्या २०२२ च्या निर्देशाप्रमाणे आम्हाला यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि तेवढ्यानेच आम्ही धापा टाकतो. तिकडे अडीचशे वर्षांपूर्वीचा कारकून पत्राच्या शेवटी मोर्तब उमटवून, पुढे कोणी एक अक्षर घुसडू नये, अशी व्यवस्था करून मोकळा झालेला असतो.

गेल्या वर्षी कुलगुरूंनी बोलावून एका मोठ्या जागेबद्दल विचारले. परीक्षा आणि प्रवेश, दोन्हींचे संगणकीकरण माझ्याकडे येणार, पगार वाढणार, रविवार मात्र जाणार. घरी विषय काढला. सौभाग्यवती म्हणाल्या, “पैसे आले तर नको कशाला म्हणू? पण अहो, रविवारी दुपारी तुम्ही जेवायला बसता तेव्हा माणसासारखं बोलता. ते जाईल.”

त्याच आठवड्यात गुरुजींनी एक कागद उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला आणि माझ्या हाती दिला. “तुम्ही लावा,” ते म्हणाले, “मला आता रेघ तेवढी दिसते.”

मी ती जागा नाकारली. ती ज्यांना मिळाली ते माझ्याहून सहा वर्षांनी कनिष्ठ होते. आज माझ्या रजेच्या अर्जावर त्यांची सही लागते. पहिल्या वेळी मनाला लागले, हे कबूल करावयास हवे. अजूनही पगाराच्या तारखेला थोडे लागते.

परंतु गुरुजींपाशी जे आहे, ते कोणत्याही यंत्रात उतरवून ठेवलेले नाही. अक्षर ओळखणारे यंत्र उद्या येईल, आणि त्याची निविदा कदाचित मीच काढीन. पण त्याला शिकविण्यासाठी कोणी तरी आधी हजारो ओळी अचूक लावून द्याव्या लागतीलच. आता मी वाचतो आणि गुरुजी डोळे मिटून ऐकतात. चूक झाली की बोट वर करतात. दिवाळीच्या सुटीत रविवारखेरीज आणखी चार दिवस बसावयाचे ठरले आहे. फराळाचा डबा मी नेणार आहे, फोन तबलजीकडे.