खुर्चीपलीकडचे कार्यक्षेत्र

माणूस एखादा व्यवसाय शिकतो, तेव्हा त्याच्या हातांना कौशल्य लाभते आणि बुद्धीला ज्ञान. पुढे हात थकले, तरी ज्ञान उपयोगी पडत राहते. डेंटल हायजिनिस्ट, म्हणजेच दंत-आरोग्यक, यांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

दातांवरील कीटण काढणे, दात स्वच्छ व गुळगुळीत करणे आणि मुखाच्या स्वच्छतेविषयी मार्गदर्शन करणे, ही दंत-आरोग्यकाची कामे. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने त्यांना मान्यता दिली. परंतु आपल्याकडे अनेक दवाखान्यांत दात साफ करण्याचे काम दंतवैद्य स्वतःच करतात, त्यामुळे या पदांची संख्या मर्यादित राहते. शिवाय रुग्णाच्या खुर्चीशेजारी तासन्‌तास वाकून काम केल्याने मान, पाठ आणि मनगटे दुखू लागतात. अशा कारणांनी कोणी दवाखाना सोडला, की ‘शिक्षण वाया गेले’ असे आप्तेष्ट हळहळतात. हे मत योग्य नाही.

या व्यवसायाचा इतिहासच त्याला उत्तर देतो. अमेरिकेतील ब्रिजपोर्ट शहरात डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपल्या सहायक आयरीन न्यूमन यांना दात स्वच्छ करण्याचे शिक्षण दिले. १९१३ मध्ये त्यांनी अशा शिक्षणाचा वर्गच सुरू केला. तेथे शिकलेल्या अनेक स्त्रिया शहरातील शाळांमध्ये जाऊन मुलांचे दात स्वच्छ करू लागल्या व त्यांना दातांची निगा राखण्यास शिकवू लागल्या. आज आपण जिला पर्यायी वाट म्हणतो, ती या व्यवसायाची मूळचीच वाट आहे.

आपल्या देशात तर या वाटेची निकड अधिक आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. महाराष्ट्रात मशेरी, छत्तीसगड व ओडिशात गुडाखू या नावांनी तंबाखूच दातांना लावली जाते. जी वस्तू कर्करोगास आमंत्रण देते, तिलाच दंतमंजन मानणाऱ्यांना समजावणार कोण? मुखाच्या आतील पहिला पांढरा चट्टा ओळखण्याची दृष्टी ज्यांना लाभली आहे, ते दंत-आरोग्यक व्यसनमुक्तीचे उत्तम समुपदेशक होऊ शकतात.

इतर क्षेत्रेही आहेत. अंथरुणास खिळलेल्या वृद्धांचे तोंड अस्वच्छ राहिल्यास न्यूमोनियाचा धोका वाढतो. त्यांच्या शुश्रूषकांना योग्य पद्धत शिकवता येते. उपकरणांचे निर्जंतुकीकरण, दवाखान्याचे व्यवस्थापन, दंतसाहित्याची विक्री व प्रशिक्षण येथेही हा अनुभव मोलाचा ठरतो.

अर्थात, नव्या वाटेसाठी नवे शिक्षण घ्यावे लागते. समुपदेशन, संगणक किंवा अध्यापन यांचे रीतसर प्रशिक्षण घेतल्याखेरीज केवळ अनुभव पुरत नाही. तसेच स्वतंत्र दवाखाना थाटून दंतवैद्याचे काम करणे ही पर्यायी वाट नव्हे. तो रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे. दुसरीकडे, शाळा व आरोग्य केंद्रे यांनी अशा प्रशिक्षितांसाठी पदे निर्माण केली पाहिजेत. व्यक्तीने शिकत राहावे आणि समाजाने त्या शिक्षणाला जागा द्यावी, तरच दात किडल्यावर धावाधाव करण्याऐवजी ते किडूच नयेत यासाठी झटणारी माणसे गावोगावी दिसतील.