कार विक्रीचा रेकॉर्ड झाला, तरी भोसरीतला छोटा कारखानदार टेन्शनमध्ये का असतो?

ऑगस्ट २०२५ मध्ये देशातल्या कंपन्यांनी डीलर्सकडे ३ लाख २२ हजार प्रवासी गाड्या पाठवल्या. ऑक्टोबरमध्ये हाच आकडा ४ लाख ६१ हजारांवर गेला. दोन महिन्यांत तब्बल ४३ टक्के वाढ. ऑक्टोबर महिन्यातला हा आजवरचा विक्रम होता.

मधल्या काळात काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करणार असल्याचं सांगितलं. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलनं निर्णय घेतला आणि नवे दर २२ सप्टेंबरपासून, म्हणजे बरोबर घटस्थापनेला लागू झाले. छोट्या गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी १८ टक्के झाला. गाडी महिनाभरात स्वस्त होणार हे कळल्यावर आज बुकिंगची घाई कोण करणार? त्यात ७ सप्टेंबरला पितृपंधरवडा लागला. लोक थांबले. मग नवरात्र, दसरा, धनत्रयोदशी आली आणि थांबलेले सगळे एकाच वेळी शोरूमच्या दारात उभे राहिले.

डीलर खूश, कंपनी खूश, शेअर बाजारही खूश. पण या गाड्यांचे हजारो सुटे भाग कुठेतरी बनतात. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर इथल्या छोट्या शेडमध्ये चार-पाच सीएनसी मशीन टाकून बसलेला माणूस त्यातला एखादाच भाग बनवत असतो. ऑगस्टमध्ये त्याला ‘माल कमी पाठवा’ असा निरोप येतो आणि ऑक्टोबरमध्ये ‘वाढवून द्या, लाइन थांबता कामा नये’ असा. मशीन तेवढीच असतात. दिवाळीला गावी गेलेले कामगार परतलेले नसतात. स्टीलवाला ॲडव्हान्स मागत असतो.

यात त्याचं नियोजन चुकलं असं म्हणणं सोपं आहे. पण त्याच्या हातात नियोजन असतं तरी किती?

शेड्युल म्हणजे ऑर्डर नाही

गाडी बनवणाऱ्या कंपनीला थेट माल देतो तो टियर-१ पुरवठादार. तो ब्रेकची, सीटची, स्टिअरिंगची अख्खी जोडणी देतो. त्या जोडणीतला बुश, पिन, ब्रॅकेट किंवा शाफ्ट बनवून टियर-१ ला देतो तो टियर-२. त्याच्याही खाली प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट, नुसतं ड्रिलिंग असं जॉबवर्क करणारे असतात. आपल्या एमआयडीसींमधली मोठी गर्दी या खालच्या दोन पायऱ्यांवर आहे.

या साखळीत बहुतेक ठिकाणी पर्चेस ऑर्डर ‘ओपन’ असते. म्हणजे भाव ठरलेला, संख्या नाही. संख्या येते दर महिन्याच्या शेड्युलमध्ये. त्यात चालू महिन्याचा आकडा पक्का समजला जातो आणि पुढच्या दोन महिन्यांचे आकडे ‘टेंटेटिव्ह’ असतात. हा टेंटेटिव्ह आकडा म्हणजेच फोरकास्ट. त्याच्या जोरावर कारखानदार स्टीलचे बार मागवतो, माणसं वाढवतो, कधी कधी नवं मशीन घेतो. महिना उलटल्यावर पक्का आकडा कमी आला, तर आणून ठेवलेल्या मालाची जबाबदारी कोणाची, हे करारात लिहिलेलं असेल तर नशीब. बऱ्याचदा नसतं.

आता खरी मेख. मशीनच्या कर्जाचा हप्ता पाच-सात वर्षं चालतो. फोरकास्ट दिसतो तीन महिन्यांचा. मधल्या काळाचं काय, याचं उत्तर बँक मागते, पण ग्राहक देत नाही.

बाजार १० टक्के पडतो, तेव्हा टियर-२ किती पडतो?

सोपा हिशोब करून बघू. समजा महिन्याला १०० गाड्या विकल्या जातात. डीलर दीड महिन्याचा साठा ठेवतो, म्हणजे १५० गाड्या. कंपनी सुट्या भागांचा अर्ध्या महिन्याचा साठा ठेवते आणि टियर-१ सुद्धा तेवढाच. विक्री ९० वर आली, तर डीलरला आता १३५ गाड्यांचाच साठा पुरतो. १५ गाड्या जास्तीच्या झाल्या, म्हणून तो कंपनीकडून ७५ च मागवतो. कंपनीचं उत्पादन ७५ झालं, तर तिचाही साठा जास्तीचा ठरतो, म्हणून ती टियर-१ कडून ६२-६३ नगच उचलते. टियर-१ हेच गणित पुन्हा करतो आणि टियर-२ ला निरोप जातो: या महिन्यात ४४ पाठवा.

गिऱ्हाईक १० टक्क्यांनी कमी झालं, भोसरीतलं काम ५६ टक्क्यांनी.

गंमत पुढच्या महिन्यात आहे. समजा विक्री ९० वरच स्थिर राहिली. डीलरचा साठा आता बेतात आलाय, म्हणून तो पूर्ण ९० मागवतो. कंपनी ७५ वरून ९० वर जाते आणि कमी केलेला साठा पुन्हा भरायला घेते. टियर-१ ही तेच करतो. याच हिशोबानं टियर-२ कडे मागणी येते ११५ ची! बाजार जागेवर आहे आणि हा माणूस १०० वरून ४४, ४४ वरून ११५ असा हिंदकळतोय.

हा पाटीवरचा हिशोब आहे, प्रत्यक्षात प्रत्येक जण इतक्या यांत्रिकपणे वागत नाही. पण दिशा हीच असते. चाबकाची मूठ जरा हलली तरी टोक जोरात फटकारतं, म्हणून पुरवठा साखळीच्या अभ्यासात याला ‘बुलव्हिप इफेक्ट’ म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटीचे जे फॉरेस्टर यांनी १९६१ च्या पुस्तकात कारखाना-वितरक-दुकानदार साखळीतली ही हिंदकळ मांडली होती. साठ वर्षांनंतरही ती चालूच आहे, कारण टोकाला बसलेल्याला मूठ दिसत नाही. त्याला दिसतं फक्त आपल्याच ग्राहकाचं शेड्युल.

काही धक्के हिशोबात बसतच नाहीत

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ट्रकच्या वजनाची मर्यादा वाढवली. साधारण २० ते २५ टक्के जास्त माल भरायला परवानगी मिळाली. वाहतूकदारांसाठी चांगलीच बातमी. पण चार ट्रकमध्ये पाच ट्रकचा माल मावायला लागल्यावर पाचवा ट्रक कशाला घ्यायचा? त्याच वर्षी आयएल अँड एफएसचं प्रकरण फुटलं आणि वाहनकर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांचे हात आखडले. जुलै २०१९ मध्ये प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा ३१ टक्क्यांनी घसरली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू होणार होतं आणि जुन्या बीएस-४ गाड्या त्यानंतर विकता येणार नव्हत्या, त्यामुळे कंपन्या साठा कमी करण्याच्या मागे होत्या. आणि मग लॉकडाउन.

देशातली व्यावसायिक वाहनांची विक्री २०१८-१९ मध्ये १० लाखांच्या वर होती. २०१९-२० मध्ये ती सुमारे ७ लाख १७ हजारांवर आली आणि २०२०-२१ मध्ये ५ लाख ६९ हजारांवर. २०१८ च्या तेजीत, ट्रकच्या ॲक्सलचे भाग बनवायला कर्ज काढून मशीन घेतलेल्या माणसानं त्या वेळच्या आकड्यांवर विश्वास ठेवला, यात त्याचं चुकलं काय? हप्ता मात्र त्याच्याच नावावर होता.

उलटा प्रकारही होतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० चं बुकिंग उघडलं आणि ५७ मिनिटांत २५ हजार बुकिंग झाली. गाडी बनत होती चाकणला. पुरवठादारांसाठी याहून चांगली बातमी कुठली? पण त्या वेळी जगभर सेमीकंडक्टर चिपचा तुटवडा होता. गिऱ्हाईक रांगेत, बाकीचे भाग तयार आणि गाडी एका चिपसाठी अडलेली. २०२५ मध्ये चीननं दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं आणली, तेव्हा इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरबाबत तेच झालं. तुमचा भाग वेळेत तयार असून उपयोग नसतो. दुसऱ्या कोणाचा अडला, की तुमचंही शेड्युल कापलं जातं.

आणि तळेगाव. जनरल मोटर्सनं २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणं बंद केलं, निर्यातीसाठीचं उत्पादन चालू ठेवलं आणि डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबवलं. चीनची ग्रेट वॉल मोटर्स हा प्लांट घेणार होती, पण दोन वर्षं परवानगीची वाट पाहून तो व्यवहार बारगळला. २०२३ मध्ये ह्युंदाईनं करार केला आणि तिथून गाड्या बाहेर पडायला २०२५ उजाडलं. मधली वर्षं पुरवठादारानं कशावर काढायची? एका मॉडेलसाठी बनवलेली डाय दुसऱ्या मॉडेलला चालत नाही. मॉडेल गेलं की डाय भंगाराच्या भावात.

मग शहाणे कारखानदार काय बघतात?

पहिली गोष्ट म्हणजे दोन आकड्यांतला फरक. ‘सियाम’ ही वाहन कंपन्यांची संघटना जो आकडा देते, तो कंपनीनं डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचा. ‘फाडा’ ही डीलर्सची संघटना जो आकडा देते, तो आरटीओत नोंदणी झालेल्या, म्हणजे खरोखर गिऱ्हाइकाच्या घरी गेलेल्या गाड्यांचा. पहिला आकडा सतत दुसऱ्यापेक्षा मोठा असेल, तर गाड्या डीलरच्या आवारात साचतायत. सप्टेंबर २०२४ च्या आकडेवारीत फाडानं सांगितलं होतं की डीलर्सकडे ८० ते ८५ दिवसांचा साठा पडून आहे, सुमारे ७९ हजार कोटींच्या गाड्या. वरच्या हिशोबात आपण दीड महिना धरला होता. हा जवळपास पावणेतीन महिने झाला. असं दिसलं की पुढची शेड्युलं कापली जाणार, हे ओळखायला एमबीए लागत नाही. नोंदणीचे आकडे सरकारच्या ‘वाहन’ डॅशबोर्डवर कोणालाही फुकट बघता येतात. म्हणजे चाबकाची मूठ थोडीफार दिसायला लागलीये.

दुसरी गोष्ट करारातली. डायचे पैसे ग्राहक एकरकमी देणार, की प्रत्येक नगाच्या भावात थोडे थोडे जोडून वसूल करायचे? दुसरा प्रकार कागदावर बरा दिसतो. पण ५ लाख नगांवर वाटलेला डायचा खर्च २ लाख नगांवर मॉडेल बंद पडल्यावर अर्ध्याहून जास्त अंगावर येतो. म्हणून जे जाणते आहेत ते ‘ठरलेली संख्या उचलली नाही तर उरलेले पैसे द्यायचे’ ही अट लिहून घ्यायला बघतात. मोठा ग्राहक ती सहज मान्य करत नाही, हेही तितकंच खरं.

पैशांचं तर विचारूच नका. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं, असा कायदा २००६ पासून आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं व्याज द्यावं लागतं. एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यातही बदल झाला आणि मुदतीत पैसे दिले नाहीत, तर देणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. पण तुमचा ७० टक्के धंदा एकाच ग्राहकावर असेल, तर व्याजासाठी तक्रार करायला जाणार कोण? म्हणून धंद्याचं पहिलं नियोजन फोरकास्ट अचूक करण्याचं नसतंच. एका ग्राहकावरचं, एका मॉडेलवरचं ओझं कमी करण्याचं असतं. एकाच भागासाठी बनवलेल्या स्पेशल मशीनपेक्षा कोणताही भाग चढवता येईल असं साधं व्हीएमसी मशीन महाग पडलं तरी परवडतं, ते याचमुळे.

आता पुढचा प्रश्न इलेक्ट्रिकचा

पिस्टन, क्लच, सायलेन्सर, फ्युएल इंजेक्टर यांचं इलेक्ट्रिक गाडीत काम नाही. सीट, ब्रेक, सस्पेन्शन, ब्रॅकेट राहणारच. मग इंजिनाचे भाग बनवणाऱ्यानं आजच मशीन बदलावं का? फाडाच्या २०२४-२५ च्या आकड्यांनुसार नव्या तीनचाकींमध्ये इलेक्ट्रिकचा वाटा निम्म्याहून जास्त होता, दुचाकींमध्ये सुमारे ६ टक्के आणि कारमध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे रिक्षाच्या इंजिनाचे भाग बनवणाऱ्याची घाई आणि कारच्या इंजिनाचे भाग बनवणाऱ्याची घाई एकसारखी नाही.

त्यातही सरकारी धोरण बदललं की आकडे उड्या मारतात. १ जून २०२३ ला इलेक्ट्रिक दुचाकींचं अनुदान घटवलं. मे महिन्यात लाखाच्या वर असलेली विक्री जूनमध्ये ५० हजारांच्याही खाली आली. नव्या तंत्रज्ञानासाठी केंद्राची २५,९३८ कोटींची पीएलआय योजना आहे, पण आधीपासून या धंद्यात असलेल्या सुट्या भागांच्या उत्पादकांसाठी त्यात समूहाची किमान ५०० कोटींची उलाढाल ही अट होती. पाच मशीनवाला तिथे दारातच थांबतो.

त्यामुळे बहुतेक जण दोन्ही डगरींवर पाय ठेवून आहेत. इंजिनाचं जुनं काम चालू ठेवायचं आणि नव्या इलेक्ट्रिक मॉडेलची चौकशी आली की कोटेशन भरायचं. त्या चौकशीसोबत एक तक्ता येतो: पहिल्या वर्षी इतके हजार नग, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याहून जास्त. भाव याच संख्येवर मागितलेला असतो. आणि तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे आकडे केवळ अंदाजासाठी आहेत, कंपनीवर बंधनकारक नाहीत.