पाहुण्याला रेल्वेने पाठवा, पण एकटं नको

सोलापूरला परदेशी पाहुणे कमी येतात, हा समज आता सोडून द्यायला हवा. टेरी टॉवेल आणि चादरीच्या व्यापारासाठी खरेदीदार येतात, नान्नजच्या माळरानावर माळढोकच्या ओढीने पक्षिनिरीक्षक येतात, पंढरीच्या वारीचे अभ्यासक येतात, डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं घर पाहायला चीनमधून माणसं येतात. त्याहून जास्त येतात ते घरचेच पाहुणे : परदेशी स्थायिक झालेल्या मुलामुलींचे मित्र, सुना-जावई, व्याही-विहीण. त्यांच्या स्वागतात सोलापूरकर कधी कमी पडत नाहीत. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी बांधून दिल्याशिवाय त्यांना कोणी सोडत नाही. मात्र निघण्याचा दिवस आला की यजमान एक भाड्याची गाडी ठरवतात, चालकाला विमानाची वेळ सांगतात आणि दारातून हात हलवतात. एवढ्यावर आपली जबाबदारी संपली, असं मानण्याची ही रीत मला चुकीची वाटते. पाहुण्याला मुंबईच्या विमानतळावर रेल्वेने पाठवावं आणि घरातलं कोणीतरी टर्मिनलच्या दारापर्यंत सोबत जावं, असं माझं म्हणणं आहे.

मोटार दारातून दारात नेते, सामान उचलावं लागत नाही, हे खरं. पण सोलापूर ते मुंबई हा चारशे किलोमीटरचा रस्ता पुण्याच्या गर्दीतून आणि खंडाळ्याच्या घाटातून जातो. शनिवार-रविवारी किंवा सलग सुट्ट्यांना घाटात वाहनं तासन् तास अडकतात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुपारी निघालेली गाडी रात्री किती वाजता अंधेरीला लागेल, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. रेल्वेचं गणित वेगळं आहे. १० फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झालेली वंदे भारत सोलापुरातून पहाटे सहाच्या सुमारास सुटते आणि दुपारी साडेबाराच्या आसपास मुंबईत पोचते. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी पोचवते. युरोप-अमेरिकेची बरीचशी विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर उडतात. म्हणजे वंदे भारत दोन तास उशिरा पोचली तरी पाहुण्याच्या हाती आठ-दहा तास उरतात. रेल्वे उशीर करते हा आक्षेप रास्त आहे, पण तो उशीर पचवायला लागणारी सवड याच वेळापत्रकात आहे. मोटारीने जाणाऱ्याला तेवढी सवड हवी असेल, तर त्यालाही पहाटेच निघावं लागेल. वंदे भारत आठवड्यातून एक दिवस नसते, तेवढं मात्र विमानाचं तिकीट काढतानाच पाहून ठेवावं.

खरी अडचण साडेचारशे किलोमीटरच्या लोहमार्गावर येत नाही. ती मुंबईत उतरल्यावर, शेवटच्या पंचवीसेक किलोमीटरवर येते. ‘दादरला उतरा, तिथून विमानतळ जवळ’ हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. पाहुण्याकडे दोन मोठ्या बॅगा असतील तर तो सल्ला बदलायला हवा. दादरला गाडी थोडाच वेळ थांबते, फलाट गजबजलेला असतो आणि मेट्रोचं स्थानक पश्चिमेला, रेल्वे स्थानकापासून बाजूला आहे. त्यापेक्षा थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जावं. तिथे गाडीचा प्रवास संपतो, त्यामुळे उतरायची घाई नसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. तेव्हापासून टर्मिनसलगतच्या मेट्रो स्थानकातून विमानतळापर्यंत मध्ये गाडी न बदलता जाता येतं. सोलापूरच्या प्रवाशाला या मार्गाने किती मोठी सोय झाली, याची चर्चा आपल्याकडे पुरेशी झालेली नाही.

पण नवख्या माणसाला इथेच फसायला होतं. रेल्वेचं टर्मिनस आणि विमानतळ ही दोन्ही ठिकाणं छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची आहेत, इंग्रजी आद्याक्षरंही जवळपास सारखी. त्यात विमानतळाची मेट्रो स्थानकं दोन, टी-१ आणि टी-२. आंतरराष्ट्रीय विमानासाठी टी-२ वर उतरायचं असतं. शिवाय डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं उडू लागली आहेत, म्हणून तिकिटावर कोणतं विमानतळ आहे हे आधी नीट वाचायला हवं. संध्याकाळी उपनगरांकडे परतणाऱ्या नोकरदारांच्या गर्दीत बॅगा घेऊन मेट्रोत शिरणं अवघड, तेव्हा चारच्या आत तरी निघावं नाहीतर गर्दी ओसरल्यावर, पण शेवटची मेट्रो चुकणार नाही अशा बेताने. ही माहिती भाषा न येणाऱ्या माणसाला फोनवरून सांगून भागत नाही. त्यासाठी बरोबर माणूसच लागतो.

‘मग परदेशात आपले आईवडील कसे जातात?’ असं विचारलं जाईल. ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर १९७८ पासून रेल्वे थेट टर्मिनलखाली थांबते. झुरिकला १९८० पासून तीच सोय आहे, लंडनच्या हीथ्रोला १९७७ पासून भुयारी रेल्वे जाते. तिथे पाट्या आणि उद्घोषणा प्रवाशाला वाट दाखवतात, तरीही आपली मुलं आईवडिलांना एकटं सोडत नाहीत. ती रजा घेतात, त्यांच्याबरोबर गाडीत बसतात, चेक-इनच्या रांगेपर्यंत उभी राहतात. जिथे व्यवस्था इतकी बोलकी आहे तिथे आपण सोबत करतो, आणि जिथे ती अजून अपुरी आहे तिथे पाहुण्याला अनोळखी चालकाच्या हवाली करतो. हे उलटं व्हायला हवं. आपल्याकडे तिकीट नसलेल्याला टर्मिनलच्या आत सोडत नाहीत, म्हणून निरोप दारातच घ्यावा लागतो. पण पासपोर्ट आणि तिकीट दाखवून पाहुणा आत गेला, हे डोळ्यांनी पाहता येतं.

सोलापूरलाच विमानतळ आहे, मुंबईचं विमानही २०२५ च्या ऑक्टोबरात सुरू झालं, मग रेल्वे कशाला, हाही प्रश्न येईल. होटगी रस्त्यावरून विमानं उडू लागली याचा आनंद मलाही आहे, ती वाढावीत. पण आज ती मोजकी आहेत. देशांतर्गत विमानात साधारण पंधरा किलो सामान चालतं, लांबच्या आंतरराष्ट्रीय विमानात त्याहून बरंच जास्त, आणि सोलापुरी चादरी भेट मिळालेल्या पाहुण्याला हा फरक चांगलाच जाणवतो. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील आणि पहिलं विमान रद्द झालं, तर पुढचं चुकल्याचा भुर्दंड प्रवाशावरच पडतो. पाहुणे फार वृद्ध असतील, चालणं जड जात असेल, तर मात्र मोटारच योग्य, आणि तेव्हाही सोबत जावंच. यजमानाचा एक दिवस जातो हे मान्य. हजारो किलोमीटरवरून आलेल्या माणसासाठी एक दिवस देणं मला जास्त वाटत नाही.

रेल्वेनेही थोडं करावं. सोलापूर स्थानकाच्या पहिल्या फलाटावर ‘मुंबई विमानतळाकडे’ असा मराठी, हिंदी, इंग्रजीतला एक ठळक नकाशा लावावा. वंदे भारतमध्ये मुंबई जवळ आली की मेट्रो ३ आणि टी-२ यांची उद्घोषणा व्हावी. टर्मिनसवर उतरल्यापासून मेट्रोच्या जिन्यापर्यंत विमानाचं चिन्ह असलेल्या पाट्या सलग दिसाव्यात. या तिन्ही गोष्टींना फारसा खर्च नाही. मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाने पहिल्या दोन गोष्टी पुढच्या वेळापत्रकाची वाट न पाहता कराव्यात, आणि त्यासाठी शहरातल्या व्यापारी संघटनांनी विभागीय कार्यालयाकडे लेखी मागणी करावी.